उत्तर येण्याआधीचा फ्लेक्स

विहाराच्या वळणावरच्या विजेच्या खांबावर मे महिन्यात दोन फ्लेक्स होते. डावीकडच्यावर मी होते, उजवीकडच्यावर आई. माझ्या फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘परदेशातील नामांकित विद्यापीठात पीएच.डी.साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. आईच्या फ्लेक्सवर, ‘कालकथित मायाताई वासनिक यांना भावपूर्ण आदरांजली’. दोन्ही जरीपटक्यातल्या रोशनच्या दुकानात छापलेले. फोटोही मुळात एकच होता. मामेभावाच्या लग्नात आम्ही शेजारी उभ्या होतो. रोशननं तो मधून कापला. माझ्या खांद्यावर आईची बोटं तेवढी राहून गेली.

आईच्या फ्लेक्सवरचा मजकूर खरा होता. माझ्यावरचा नव्हता.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते, म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणुकीची वाट पाहते. नागपूरच्या गिरण्यांत काम केलेल्या बायकांवर मला संशोधन करायचं होतं. माझी आजी बायजाबाई त्यांतलीच. इंग्लंडमधल्या एका जुन्या विद्यापीठात अर्ज केला. जागा अगदी मोजक्या, आणि अर्ज जगभरातून. आपला अर्ज तिथं कोण वाचतं, कुठल्या वाक्याशी थांबतं, हे कळायला काही मार्ग नसतो. अर्जात आजीचा उल्लेख करावा की करू नये, यातच माझा आठवडा गेला. मुलाखत झाली. समोरचे तिघं हसून बोलले, आणि त्या हसण्याचा अर्थ लावत मी पुढचे दिवस काढले. मार्चमध्ये मेल आला. जागा देता येत नाही, पण नकारही नाही. तुमचं नाव प्रतीक्षा यादीत आहे.

आई तेव्हा शाळेचे गणवेश शिवत होती. घरात आम्ही दोघीच. बाबा मी शाळेत असतानाच गेले.

“वेटिंग?” ती म्हणाली. “किती नंबरचं?”

“नंबर नसतो, आई. कोणी जागा सोडली तर यादीतल्या कोणालाही बोलावतात.”

तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. “बिन नंबराचं वेटिंग कसं असते वं? रेल्वेवाले बरे मंग. तुमच्यापुढं इतके हायेत म्हणून सांगतेत तरी.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत, कॉलेजातून परतताना, मला खांबावर माझाच चेहरा दिसला. चप्पल न काढताच मी घरात शिरले.

“आई, माझी निवड झालेली नाही.”

“मले माहीत हाये.”

“मग तो फ्लेक्स उतरव.”

“उत्तर आल्यावर उतरवू.”

“लोक विचारतील.”

“विचारू दे. जीभ त्यांची हाये, झिजली तं त्यांची झिजन.”

तिला पुन्हा पुन्हा विचारून काही मिळत नसे.

विहाराला लागून अभ्यासिका आहे. तिची किल्ली आईकडे असायची. सकाळी ती कुलूप काढायची, खिडक्या उघडायची, स्पर्धा परीक्षांची मुलं येऊन बसली की घरी परतायची. मे महिन्यात एकदा ती परतली, खुर्चीत बसली, पाणी मागितलं. मी ग्लास घेऊन आले तेव्हा ती गेलेली होती. किल्ली तिच्या मुठीत होती.

पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती आली. विहारासमोर मंडप होता, कूलर होते. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, आणि मग रिवाजाप्रमाणे लोक एकेक करून आईविषयी बोलायला उठले. कोणी तिच्या शिवणाविषयी बोललं, कोणी किल्लीविषयी. पण प्रत्येकजण शेवटी माझ्यावर येत होता. विहार समितीचे अध्यक्ष मधुकरराव तर तिथूनच सुरू झाले.

“मायाताईनं मशीनवर पाय मारून मारून पोरीले शिकवलं. आज ते पोरगी विलायतेत जाऊन राहिली. अभ्यासिकेतल्या पोट्ट्यांनो, येता-जाता त्या खांबाकडं पाहत जा! समितीच्या वतीनं आपण प्रीतीले वाजतगाजत निरोप देऊ.”

टाळ्या वाजल्या, मग हे कशाचं निमित्त आहे ते आठवून थांबल्या. मधुकररावांनी माईक माझ्या हातात दिला.

खरं सांगितलं तर आई तिच्याच पुण्यानुमोदनाच्या दिवशी खोटी ठरणार होती. गप्प राहिले आणि पुढे नकार आला, तर ती तेव्हा खोटी ठरणार होती, आणि तेव्हा तिच्या बाजूनं बोलायला असा मंडप नसणार होता. होकार आला तर प्रश्नच नव्हता. पण त्या होकाराच्या भरवशावर तिचं नाव टांगून ठेवावं, असं मला वाटेना.

“माझी निवड झालेली नाही,” मी म्हणाले. “नाकारलेलंही नाही. मी प्रतीक्षा यादीत आहे. आईला हे माहीत होतं. तिनं फ्लेक्स का लावला, ते मला तिनं सांगितलं नाही.”

मधुकरराव खाली पाहू लागले. मग मागून रुपराव उठले. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेला माणूस.

“वेटिंग किती नंबरचं हाये बेटा?”

“नंबर नसतो, काका.”

“असं कसं? बिन नंबराचं वेटिंग कसं असते?”

मशीनचं चाक थांबवून बसलेली आई मला दिसली.

“असते!” बायकांमधून यमुताई ओरडल्या. “तुमची रेल्वे नोहोय ते. बसा गा खाली!”

लोक हसले. रुपरावही हसले आणि बसले. मी माईक परत दिला.

जेवणं आटोपत आली तेव्हा यमुताई खिरीची वाटी घेऊन माझ्याजवळ येऊन टेकल्या. आईची आणि त्यांची मैत्री माझ्या जन्माआधीची.

“मी होती तिच्यासंग दुकानात,” त्या म्हणाल्या. “तिनं रोशनले म्हटलं, लिही, वेटिंग लिस्टमध्ये नाव आल्याबद्दल अभिनंदन. तो पोट्टा हसाले लागला. म्हणे, काकू, वेटिंगचा फ्लेक्स कोणी लावते का? निकाल लागू द्या, मंग मोठा काढू.”

“मग?”

“मंग माया म्हणे, निकाल लागल्यावर तं सारेच लावतेत. अन् नाही झालं तं? नाही झालेल्याचा फ्लेक्स पाह्यला का तू कधी? पोरगी तिथपर्यंत जाऊन आली, ते कोणाले दिसनच नाही.” त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. “खाय. त्याच्याजवळ जे तयार लिहून होतं तेच टाकलं त्यानं. घ्याले गेलो तं छापूनच होतं. तिनं वाचलं, जराशी थांबली, म्हणे, जाऊ दे, फोटो चांगला हाये.”

“मला का नाही सांगितलं तिनं?”

“तुले सांगितलं असतं तं तू समजली असती, नाही होणार असं धरून बसली हाये माय. तसं नव्हतं तिचं. तिले काहीच धराचं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी रोशन शिडी घेऊन आला. कार्यक्रम झाला की आदरांजलीचा फ्लेक्स उतरवतात.

“ताई, दोन्ही काढू?” त्यानं वरूनच विचारलं. मंडपात तोही होता.

“आईचा काढ. माझ्यावर एक पट्टी लावून दे.”

“काय लिहू?”

मी सांगितलं. या वेळी तो हसला नाही. चौकटीचे खिळे काढून झाल्यावर त्यानं आईचा फ्लेक्स गुंडाळला, दोरी बांधली आणि माझ्याकडे दिला. मग माझ्या खांद्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ही बोटं दिसून राहिली. पट्टी लावतोच हाये तं तेही झाकून देऊ का?”

“नको,” मी म्हणाले.

आता जून संपत आला आहे. कॉलेजचं पत्र आलेलं नाही, विद्यापीठाचंही नाही. कधी वाटतं, यावं. कधी घराला कुलूप लावण्याचा विचार मनात येतो आणि मी तो पुढे जाऊ देत नाही. सकाळी अभ्यासिका मी उघडते. खिडक्या आधी, मग पंखे, आईच्या क्रमानं. मुली वह्या मांडतात आणि विचारतात, “दीदी, आलं का?”

“नाही.”

मग त्या अभ्यासाला लागतात. परत येताना मी खांबाखालून येते. पट्टीचा निळा रंग मूळ निळ्यापेक्षा गडद आला आहे, त्यामुळे लांबूनही आधी तेच वाचलं जातं: ‘प्रतीक्षा यादीत नाव आल्याबद्दल’. मधुकरराव परवा म्हणाले, ऊन लागून फोटो फिका पडून राहिला, काढायचा का? उत्तर आल्यावर उतरवू, असं मी त्यांना सांगितलं.