ज्याला त्याला एक कारण

“कारणं पाच निघाली, हीच तर अडचण आहे,” पगारवाले सर म्हणाले आणि त्यांनी समोरचा कागद असा दूर सारला, जणू माझ्या पोरीने त्यावर काहीतरी सांडून ठेवलं होतं.

लांबलचक टेबल, त्याभोवती पाच विद्वान आणि टोकाला मी. नखांत अजून प्लास्टर होतं. मी कवळ्या बनवायच्या वर्कशॉपमध्ये काम करते. साचे ओतायचे, मेणात दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे. मालकाची बोलणी खाऊन अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, कारण फोनवर सांगितलं होतं, “शेवटची बैठक आहे ताई, आईने यायलाच हवं.” मला वाटलं, आज डॉक्टरांची तारीख मिळणार.

त्या तारखेसाठीच तर मी या भानगडीत पडले होते. ठकी म्हणजे माझी मुलगी. आहे पंधरा वर्षांची, पण घरात अजून ठकीच म्हणतो. गेल्या वर्षापासून तिने एकेक गोष्ट सोडत आणली. आधी मैत्रिणी सोडल्या, मग चित्रं काढणं, मग केस विंचरणंसुद्धा. सकाळी उठवायला गेलं की भिंतीकडे तोंड करून पडलेली, डोळे टक्क उघडे. तिचे बाबा म्हणायचे, “वयच आहे गं ते, जाईल आपोआप.” मी ओरडून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, उपयोग शून्य. मोठ्या इस्पितळात मनाच्या डॉक्टरांकडे गेले, तर खिडकीतला माणूस म्हणाला, पाच-सहा महिने थांबावं लागेल. मग त्यानेच सुचवलं, विद्यापीठात एक अभ्यास चाललाय, वयात येणारी मुलं उदास का होतात याचा. त्यात नाव घातलं तर डॉक्टर आधी बघतात. बुडत्याला काडीचा आधार. मी सही ठोकून मोकळी झाले.

अभ्यास पाच विषयांचा होता, म्हणून माणसं पाच. अर्थशास्त्राचे सर आमचा पगार आणि घरभाडं विचारायचे, ते पगारवाले. समाजशास्त्राच्या बाई शेजारपाजार विचारायच्या, त्या शेजारवाल्या. मेंदूचा नि रक्ताचा अभ्यास करणारे ठकीला नळीत थुंकायला लावायचे, ते थुंकीवाले. शिक्षणशास्त्राचे ते मार्कवाले. ही नावं अर्थात माझ्या मनातली. मानसशास्त्राच्या मॅडमना मात्र मी मनातही मॅडमच म्हणायचे, कारण त्या पोरीच्या तोंडाकडे बघून बोलायच्या.

त्यांचा एक नियम होता. एकाने जे ऐकलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही, शेवटच्या बैठकीपर्यंत. का, तर एकाचं मत दुसऱ्याला चिकटू नये. ऐकायला छान वाटतं. पण त्यामुळे माझ्या पोरीला दर खेपेला नव्या खोलीत, नव्या माणसासमोर तेच पहिल्यापासून सांगायला लागायचं. कधीपासून वाटतं? कशामुळे वाटतं? मी बाहेर बाकावर बसून असायचे, आणि ती प्रत्येक वेळी बाहेर यायची ती आत गेली त्याहून पांढरीफटक.

आणि आज ही बैठक. पाचही जणांनी आपापले कागद पहिल्यांदा एकमेकांसमोर वाचले.

“वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हापासून, असं तिने मला सांगितलं,” पगारवाले म्हणाले.

“मला म्हणाली, जुनं घर सोडून या वस्तीत आलो तेव्हापासून,” शेजारवाल्या म्हणाल्या.

मार्कवाल्यांना तिने गणितात नापास झाल्याचं सांगितलं होतं. मॅडमना सांगितलं होतं की आई दिवसभर कामावर असते.

“आमच्याकडे तर आनुवंशिकता स्पष्ट आहे,” थुंकीवाले म्हणाले. “तिची आत्या. तरुणपणी महिनोन् महिने अंथरुणाला खिळून, कुणाशी बोलणं नाही.”

“तिची आत्या?” मी ओरडलेच. “अहो, ती हसायला लागली की चार घरांतली कुत्री भुंकतात! अंथरुणाला खिळली ती एकदाच, शिडीवरून पडून पाय मोडला तेव्हा. आणि तेव्हाही तोंड चालूच होतं!”

कुणी हसलं नाही. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे पाच मुखांतून पाच वेगळे परमेश्वर निघाले होते आणि ते एकमेकांकडे संशयाने बघत होते. तुमच्या प्रश्नातच उत्तर होतं, असं शेजारवाल्या मार्कवाल्यांना म्हणाल्या. मार्कवाले म्हणाले, प्रश्नाचा दोष नाही, मुलीचा आहे. त्यावरून त्यांची चांगलीच जुंपली. मी तिथे आहे हेच सगळे विसरले.

शेवटी पगारवाल्यांनी घसा खाकरला. “एकाच प्रश्नाला पाच उत्तरं. अशी मुलगी नमुन्यात ठेवली तर सगळाच निष्कर्ष बिघडेल. वगळावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका, ताई.”

“वगळा की,” मी म्हटलं. “डॉक्टरांची तारीख कधीची?”

मॅडमनी मान खाली घातली.

“ती सोय अभ्यासातल्या मुलांसाठी असते,” थुंकीवाले म्हणाले. “तुम्हाला आता नेहमीच्या रांगेत नाव द्यावं लागेल.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “म्हणजे पाच-सहा महिने? इतके दिवस पोरीला पिळून काढलीत, तिची थुंकीसुद्धा सोडली नाहीत, आणि आता रांगेत उभी राहा म्हणता? एक ना धड, भाराभर चिंध्या! आमच्याकडे माणूस कवळी टोचते म्हणत आला, तर आम्ही त्याच्या पणजोबांची चौकशी करत नाही. जिथे टोचतं तिथे घासतो. आज घासतो!”

“ताई, हे दात नाहीत,” पगारवाले शांतपणे म्हणाले.

खरंच होतं ते. दात असते तर मीच दुरुस्त केले नसते का! मी पर्स उचलली आणि दार आपटून बाहेर पडले.

बरोबर आणलेली ठकी बाहेर बाकावर बसली होती. मी तिला दंडाला धरून जिन्याकडे नेलं आणि पहिल्याच वळणावर तिच्यावर घसरले. “एकाला एक, दुसऱ्याला दुसरं! काय गंमत वाटली का गं तुला? तुझ्या या थापांपायी डॉक्टर हातचे गेले! आणि आत्या? आत्या कुठून काढलीस?”

ती कठड्याला टेकून उभी राहिली. “ते विचारत होते, घरात आणखी कुणाला असं झालंय का. नाही म्हटलं. परत विचारलं, नीट आठवून सांग. परत नाही म्हटलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. मग आत्या सांगितली. तिचा पाय आठवला म्हणून.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचं खोटं नाही गं, आई. कारखाना बंद पडलाच होता. नापास झालेच होते. पण त्याच्यामुळे का, ते मला कुठे माहितेय? ज्याला जे हवं होतं ते सांगितलं की ते खूश व्हायचे. लिहायला लागायचे. मग सोडायचे.”

ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती, दुकानातून काय काय आणलं ते सांगावं तसं. माझा राग तिच्यावरून उतरला, पण जाणार कुठे? नुसता फिरत राहिला अंगात.

“आणि मी कामावर असते त्याचं?” मी विचारलं.

“ते त्या मॅडमना. त्या फार प्रेमाने विचारत होत्या. काहीतरी द्यायला पाहिजे होतं ना त्यांना.”

मी पायरीवर बसले. तीही माझ्या शेजारी बसली. वर बैठकीच्या खोलीत अजून वादावादी चालली होती, शब्द कळत नव्हते पण सूर कळत होता. मी तिच्याकडे वळले. जे विचारायचं धाडस मला वर्षभरात झालं नव्हतं, ते रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं.

“ठके, मरावंसं वाटतं का गं तुला?”

“त्यांनी कागदावर विचारलं होतं ते,” ती म्हणाली. “मी ‘नाही’वर खूण केली. कागदाला कशाला सांगू?”

“मला सांग.”

तिने गुडघे जवळ ओढून घेतले. “हो,” ती म्हणाली. “आता रोजच. पुलावरून येताना तर फारच.”

तो पूल तिच्या शाळेच्या वाटेवरचा. मी रोज तिला त्याच वाटेने धाडत होते, डबा देऊन, लवकर जा म्हणून मागे लागून.

मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. तिला तशीच ओढत पुन्हा वर गेले आणि दार न वाजवता आत घुसले. पाचही जण दचकले. मी म्हटलं, “माझी पोरगी जीव द्यायचा विचार करतेय. आता बोला.”

शेजारवाल्यांनी मॅडमकडे बघितलं. मार्कवाल्यांनीही मॅडमकडेच. “हा भाग मानसशास्त्राकडे येतो,” पगारवाले म्हणाले. खरंच म्हणाले हो, अस्सं म्हणाले! मॅडमचा चेहरा उतरला. “कागदावर ‘नाही’ होतं,” त्या पुटपुटल्या. मग ठकीकडे बघितलं, आणि तडक उठल्या. “चला. मी येते बरोबर.”

खोटं का बोलू, त्या आल्या. टॅक्सीचे पैसे त्यांनी दिले. इस्पितळातल्या त्या खिडकीतल्या माणसाने ‘नंबर आहे का’ म्हटल्यावर त्यांनी असा आवाज चढवला की तो उभाच राहिला. त्यांच्याशिवाय मला आत कुणी घेतलं नसतं. डॉक्टर वयस्कर होते, दमलेले दिसत होते. त्यांनी ठकीला एकटीलाच आत नेलं. आम्ही दोघी बाहेर बसलो. मॅडमनी मला पाणी आणून दिलं. मी ठकीच्या बाबांना फोन लावला. ते नुसतं “कुठल्या इस्पितळात, कुठल्या?” एवढंच विचारत राहिले. मी तीनदा सांगितलं तरी.

डॉक्टर बाहेर आले. “तिला आज घरी नेऊ नका,” ते म्हणाले. “इथे ठेवू.”

“किती दिवस?”

“बघू,” ते म्हणाले. माझ्या खांद्याला हलकेच हात लावून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

मी बाकावर बसले. मॅडम माझ्याजवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, एक चांगलं झालं. आता तिला अभ्यासातून वगळावं लागणार नाही. भरती झाली म्हणजे आजार खरा, अशी नोंद पक्की धरतात. मी बोलते त्यांच्याशी.”

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या! अगदी मनापासून बोलत होत्या. ती पाचही माणसं तशी भलीच होती, हीच तर माझी पंचाईत. एखादा राक्षस समोर असता तर त्याच्या थोबाडीत देऊन मोकळी तरी झाले असते. हात नुसते शिवशिवत राहिले.

“मॅडम,” मी म्हटलं, “तुम्ही आलात, तुमच्यामुळे आत जाता आलं. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण आता तुम्ही उठा आणि जा. नाहीतर माझ्या तोंडून भलतंसलतं निघेल.”

“मी तिच्या भल्यासाठीच—”

“जा म्हणते ना!”

त्या गेल्या. जाताना दोनदा मागे वळून बघितलं. मी मान फिरवली.

मग वॉर्डातली नर्स बाहेर आली. माझ्याहून लहान, कामसू बाई. “मावशी, हे तुमच्याजवळ ठेवा,” म्हणत तिने माझ्या हातात एक कागदी पिशवी दिली. आत ठकीचा पट्टा होता, सकाळी मीच तिच्या केसांना बांधलेली रिबीन होती आणि बुटांच्या दोन्ही नाड्या.

“नाड्या कशाला काढल्या?” मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

“सगळ्यांच्याच काढतो,” नर्स म्हणाली. तिने खाली बघितलं. “दारापर्यंत या हवं तर. पुढे सोडत नाहीत.”

मी दारापर्यंत गेले. लांब, उजेडाचा बोळ होता. ठकी दुसऱ्या एका नर्सबरोबर आत चालली होती. मी हाक मारली, तेव्हा वळून तिने हात हलवला. लहानपणी शाळेच्या फाटकातून हलवायची तसाच, कमरेजवळ, कुणाला दिसू नये असा. मग पुन्हा चालू लागली. नाड्यांवाचून बूट पायांतून निसटत होते, म्हणून ती पाऊल न उचलता फरशीवर घासत घासत जात होती.