दोन दिव्यांची चिप

"असं डिपार्टमेंटच नाई आता," चौकीदार इसरू कुरियरवाल्याला सांगत होता. "वापस घेऊन जा."

मेश्रामसर नेमके तेव्हाच फाटकातून आत येत होते. त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं: इलेक्ट्रॉनिक्स विभागप्रमुख. मुकाट्यानं सही केली आणि पाकीट घेऊन जिना चढले.

चंद्रपूरच्या या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात अंकुश मेश्राम उमेदीची सगळी वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवत आले होते. प्रवेश घटत गेले आणि यंदा जूनमध्ये शाखाच बंद झाली. सहकारी नागपूरला निघून गेले. सरांना तेवढं पहिल्या वर्षाच्या मुलांना विजेचे प्राथमिक धडे द्यायला ठेवून घेतलं. जुन्या लॅबमध्ये आता परीक्षेचे बाक रचून ठेवले होते. किल्ली सरांकडेच राहिली, कारण ती कुणी मागितलीच नाही.

पाकिटात करंगळीच्या नखाएवढी एक चिप होती. दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्या उर्वशीनं तिचं डिझाइन केलं होतं. विद्यार्थ्यांच्या चिपा फुकट बनवून देणाऱ्या एका योजनेत सरांनी ते पाठवलं, तारखा पुढे पुढे जात राहिल्या आणि शेवटी सरांनीही आशा सोडली होती.

हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. माणसाला त्यांचं काही वाटत नाही, पण तीच ठिणगी चिपच्या पायातून, म्हणजे बाहेर आलेल्या धातूच्या टोकातून, आत शिरली तर आतलं सगळं जाळून टाकते. म्हणून प्रत्येक पायापाशी राखणीचं एक छोटं सर्किट बसवतात. एरवी ते निपचित पडून असतं, ठिणगी आली की तिला आडवाटेनं जमिनीत उतरवतं. हे सर्किट अगदी कमी जागेत बसवायचा उर्वशीनं ध्यास घेतला होता. बाकीची मुलं तयार प्रोजेक्ट विकत आणत. ही पोरगी वसतिगृहाचं जेवण चुकवून लॅबमध्ये बसे. तिनं एकाच चिपवर दोन सारखे भाग केले होते. एकाच्या पायाशी राखण होती, दुसरा उघडाच. दोन्हींवर एकेक दिवा लुकलुकणार, म्हणजे कोणता जगला ते डोळ्यांना दिसणार.

सरांनी बाक सरकवून टेबल मोकळं केलं, चिप बोर्डात बसवली, वीज दिली. दोन्ही दिवे लुकलुकू लागले.

ठिणगीची चाचणी घ्यायचं यंत्र कॉलेजकडे कधीच नव्हतं. सरांनी अंगातलं नायलॉनचं स्वेटर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर खसाखसा घासलं, उठले आणि बोटांत धरलेल्या पिनेचं टोक चिपच्या उघड्या पायाला लावलं. चट् झालं. तो दिवा गेला तो गेलाच. मग पुन्हा तसंच करून पिन राखण असलेल्या पायाला लावली. चट् झालं, पण दिवा लुकलुकत राहिला. आणखी दोनदा करून पाहिलं. लुकलुकतच होता.

"जमलं वो, उर्वशी," ते मोठ्यानं म्हणाले. बाकांच्या ढिगात तो आवाज त्यांनाच कसासा वाटला.

स्टाफरूममध्ये सिव्हिलचे दोघे पार्किंगवरून वाद घालत होते. सरांनी चिप दाखवली. एक जण "अरे वा" म्हणाला आणि पुन्हा पार्किंगकडे वळला. घरी सांगायला कुणी नव्हतं. पत्नी रुखमा गेल्यापासून घरात फक्त टीव्ही बोलायचा. सरांनी उर्वशीचा नंबर फिरवून पाहिला, तो बंद होता. तिच्या वर्गातल्या विक्कीला विचारलं, तेव्हा ती लग्न होऊन वडशाला गेल्याचं कळलं. सासरची राइस मिल होती.

रविवारी त्यांनी वडशाची गाडी पकडली.

मिलच्या फाटकाशी धानाच्या गाड्या लागल्या होत्या. उर्वशी वजनकाट्याच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसली होती, नाकातोंडावर ओढणी गुंडाळलेली. सरांना पाहून ती गडबडून उठली. सरांनी चिप ठेवलेली डबी पुढे केली. तिनं आधी काट्याच्या लोखंडी खांबाला तळहात लावला, अंगातली वीज उतरवली आणि मगच डबी उघडली. हे आपण केलं हे तिच्याही ध्यानात आलं नसावं. सर क्षणभर दुसरीकडे पाहू लागले.

मग त्यांनी चाचणीचं सगळं सांगितलं.

"किती खेप देला झटका?" तिनं विचारलं.

"तीन खेप."

"अन् तरी जिता आहे?"

"जिताच आहे."

डबी डोळ्यांजवळ धरून ती बराच वेळ बघत राहिली. तेवढ्यात सासरे सोमाजी आले. सरांना त्यांनी आग्रहानं खुर्ची दिली, चहा सांगितला आणि ही वस्तू कशात बसवतात ते विचारलं. कशातच नाही, नुसती करून पाहायची होती, असं उर्वशी म्हणाली. सोमाजींनी समजल्यासारखी मान हलवली आणि ते हमालांकडे गेले.

चहा झाल्यावर सरांनी चिप तिलाच ठेवून घ्यायला सांगितलं. तिनं डबीचं झाकण लावलं, वरचा कोंडा ओढणीच्या टोकानं पुसला आणि डबी त्यांच्या हातात परत दिली.

"इथी सारा कोंडा उडून राह्यला, सर. लॅबमधीच राहू द्या. नव्या पोरींले दाखवजा. सांगजा, आपल्याच कालेजातल्या पोरीनं केली."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. शाखा बंद झाल्याचं ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं.

"दाखवतो," ते म्हणाले.

बाहेर ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला. उर्वशी खुर्चीत बसली आणि खिडकीतून त्याला ट्रॉली जरा पुढे घ्यायला सांगू लागली. पडद्यावरचा आकडा खालीवर होत होता. तो स्थिर होईपर्यंत सर तिच्या पाठीमागे उभे राहिले. मग डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून, ट्रॅक्टरच्या रांगेच्या कडेकडेनं स्टेशनकडे निघाले.