राक्षसाची उत्तरपूजा

आमच्या म्हाताऱ्याचं डोकं दोन वर्सं झाली भरकटलंय. मला कधी आई म्हनतो, कधी शेजारीन. हात मात्र शाबूत. चाळीस वर्सं जोह्याच्या मूर्ती-कारखान्यात गणपतींचे डोळे आखले, आजही ब्रश दिला की रेघ सरळ. म्हनून तर शिनेमावाल्यांनी त्यालाच गाठला. त्यांचा जादूचा शिनेमा. पेंढ्याकागदाचा वीस फुटी राक्षस आमच्याच कारखान्यात घडवला, आडवा पाडला आनि म्हाताऱ्यानं डोळे आखले. पुढं तो शेतात बसवून जाळायचा व्हता.

जाळायच्या दिवशी दुपारी नातीचा, मृणालीचा फोन. "आजी, आजोबा राक्षसाच्या मांडीवर जाऊन बसलेत गो. उतरतच नायत."

सकाळी शुगरची गोळी दिलेली, पोटात दाना नाय. चक्कर येऊन पडला तर? गुडघे धरत बांधाबांधानं गेले.

"हिरामण आजोबा, खोटा आहे तो!" डायरेक्टर वरडत व्हता.

"आखनी झालीय. जीव आलाय त्याच्यात. जित्याला जाळतात?"

दोन वर्सं म्हाताऱ्याला थापा मारूनच भरवते मी. म्हटलं, आनखी एक. "आवं, राक्षसानं मला सांगितलं, मांडी दुखते म्हनून. उतरा."

"थापाडी हायस तू," म्हातारा म्हनाला.

बाकी सगळं इसरला, येवढं बरं ध्यानात ऱ्हायलं!

थकून खालीच बसले. मंग वाटलं, चुकतोय कुठं तो? डोळे आखलेली मूर्ती आमी तरी अशी कुठं टाकतो? आधी उत्तरपूजा करायची, मूर्ती जाग्यावरनं हलवायची. जीव गेला की मंगच ती माती.

"दही आन गो," मृणालीला सांगितलं. "तांदूळ पन."

राक्षसाच्या पंज्यावर दही ठेवलं, अक्षता टाकल्या. शिनेमातला राजपुत्र तलवार बगलेत मारून हात जोडून उभा.

"आजी, पुढच्या वर्षी लवकर या म्हनायचं का?" मृणालीनं इचारलं.

"नको, नको!" डायरेक्टर घाईनं म्हनाला.

दहाजनांनी जोर लावला, मी नुसता हात. राक्षस बोटभर सरकला आनि आतून मोठा श्वास सुटला, दमलेल्या मानसाचा सुटतो तसा. पेंढा असंल. मी थापाडी, माझं कोन खरं मानतंय! पन म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. त्यानंबी ऐकला.

"गेला," म्हनाला, आनि सोताच उतरला.

शिनेमावाल्यांच्या मांडवात पेज भरवायला बसले. पाठीमागं जाळ भडकला, त्यानं वळून बघितलं नाय. माझं मनगट धरलं.

"माझ्या वख्ताला पन असंच कर. आधी हळू हलव. घाई करू नको."

मी पेजेचा चमचा भरला.

"व्हय," म्हटलं. "आ करा आधी."

त्यानं आ केला.