सहीपुरती मंडळी

थॉर्नवेलचं चर्च दर रविवारी भरतं. आसपासच्या गावांतल्या चर्चमध्ये आठ-दहा म्हाताऱ्या आणि एखादं कुत्रं एवढीच हजेरी, आणि इथे मात्र मागे उभं राहायलाही जागा नाही. बिशपसाहेब तर सभांमधून थॉर्नवेलचं उदाहरण देत. ते ऐकताना तिथले पाळक ॲम्ब्रोज लाथम खाली मान घालून बुटाकडे बघत बसत.

कारण गर्दीचं गुपित त्यांना पक्कं ठाऊक होतं. चर्चला लागूनच चर्चची प्राथमिक शाळा. परगण्यात तिचं नाव मोठं. प्रवेशाचा नियम असा, की जे कुटुंब दोन वर्षं महिन्यातून दोनदा उपासनेला येतं, त्याच्या मुलाला आधी जागा. आलं की नाही ते सांगायचं पाळकांनी, सही करून. एप्रिलमध्ये प्रवेश जाहीर झाले की काही बाकांवरची माणसं गायब होत आणि तिथे नव्या, आणखी लहान मुलांचे आईबाप येऊन बसत. लाथमना त्यांची नावं पाठ होईपर्यंत त्यांची जायची वेळ झालेली असे.

शाळेच्या भिंतीला भिंत लावून कौन्सिलने स्वस्त भाड्याने दिलेल्या घरांची वसाहत होती. तिथली मुलं मात्र बसने गावाच्या दुसऱ्या टोकाला शिकायला जात. नॅटली पिकेट तिथेच राहायची आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव विकायची. लाथम रोज तिच्याकडूनच पाव घेत.

"पाळकसाहेब, रविवारी सकाळी बेकरी मी उघडते," एकदा ती पाव कागदात गुंडाळत म्हणाली. "मी देवाला आले, तर तुमच्या भक्तांना उपासनेनंतर गरम पाव कोण देणार? आणि माझ्या मेसीला म्हणे शाळेत जागा नाही, कारण आई देवाला मानत नाही!"

"अजून अर्ज तरी कुठे केलायस? मेसी तीनच वर्षांची आहे."

"निकाल ठरलेला असताना अर्जाचं काय घेऊन बसलात?"

लाथमनी पैसे मोजून ठेवले. पाव काखेत मारून ते निघाले.

त्याच शरद ऋतूत परगण्याच्या शिक्षण खात्याने शाळेला विचारलं, की भिंतीपलीकडची मुलं बसने का जातात? नियम बदलायचा तर तो शाळेच्या व्यवस्थापक मंडळाने, आणि तोही लोकांच्या हरकती-सूचना मागवून. मंडळाचे अध्यक्ष होते लाथमच. फाटकावर सूचना लागली. चर्चला येणाऱ्यांच्या राखीव जागा ठेवायच्या, निम्म्या करायच्या, की काढूनच टाकायच्या? मत द्यायला सहा आठवडे.

लाथमना वाटलं होतं, चला, लोकच ठरवतील, आपण सुटलो. कसले सुटताहेत!

पहिल्याच दिवशी चर्चचा कारभार बघणाऱ्या हेस्टर ब्रूम दारात उभ्या. सत्तरीच्या, कडक, आणि मनाने खरोखर श्रद्धाळू.

"जागा काढल्यात ना, तर रविवारी तुम्ही, मी आणि ऑर्गनवाला, एवढेच उरू. आणि तोही पैसे मिळतात म्हणून येतो."

"हेस्टरबाई, पण ती मुलं—"

"मुलं शिकतील कुठेही. चर्च एकदा बंद पडलं की त्याचं हॉटेल होतं. पलीकडच्या गावात बघून या, वेदीच्या जागी दारूचा कट्टा आहे."

मग आले गॅरेथ व्हिटल. दंतवैद्य माणूस, गेली दोन वर्षं उपासनेनंतर सगळ्यांना कॉफी द्यायचे. "साहेब, आम्ही नियम पाळला. आता खेळ संपत आल्यावर नियम बदलणार? हा विश्वासघात झाला." विश्वास हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला, की लाथमना हसावं की रडावं कळेना. शेवटी लाथमनी बिशपच्या कचेरीत फोन केला. तिथून सल्ला आला, "स्थानिक मंडळींनी प्रार्थनापूर्वक निर्णय घ्यावा."

सभा शाळेतच भरली. वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मुख्याध्यापिका कॉर्डरीबाईंनी प्रस्ताव वाचला. व्हिटल श्रद्धेवर, संस्कारांवर बराच वेळ बोलले. मग मागून नॅटली उठली. कामावरून तशीच आली होती, बाहीला पीठ.

"मला एकच विचारायचंय, आणि ते पाळकसाहेबांना. ही सगळी माणसं शाळेसाठी चर्चला येतात, हे तुम्हाला माहीत आहे की नाही?"

सगळ्या माना लाथमकडे वळल्या. हेस्टरबाई टक लावून बघत होत्या. हो म्हणावं तर समोरच्या शंभर जणांना त्यांच्या तोंडावर ढोंगी म्हटल्यासारखं. नाही म्हणावं तर धडधडीत खोटं, तेही गळ्यात पाळकाची पांढरी पट्टी लावून.

"कुणाच्या मनात काय आहे ते देवच जाणे," ते शेवटी म्हणाले.

"असं होय? मग सही तुमची कशाला?" नॅटली म्हणाली. "त्याचीच घ्या!"

हशा पिकला. लाथमही हसले, पण कानापर्यंत लाल झाले.

मंडळाने अखेर मधला मार्ग काढला. निम्म्या जागा चर्चच्या, निम्म्या जवळ राहणाऱ्यांच्या. लाथमनी त्यालाच मत दिलं. दोन्ही बाजूंचं समाधान होईल, असं त्यांना मनापासून वाटलं. बातमी सांगायला ते स्वतः बेकरीत गेले. नॅटलीचा चेहरा उजळला.

"म्हणजे आमची मेसी?"

तेव्हा त्यांना सांगावं लागलं. नवा नियम येत्या सप्टेंबरला लागू होत नाही, त्याच्या पुढच्या सप्टेंबरला होतो. कायदाच तसा आहे. मेसी येत्या सप्टेंबरलाच शाळेत जाणार, म्हणजे जुन्याच नियमाने.

 नॅटलीने त्यांच्या मागच्या माणसाला विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

आणि चर्चमध्ये? तिथे गर्दी हटली नाही, दुप्पट झाली. जागा निम्म्या झाल्यामुळे ज्यांची मुलं अजून पाळण्यात होती, त्यांची चढाओढ लागली. महिन्यातून दोनदा येणारे दर रविवारी येऊ लागले. बुधवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला, जिथे वर्षानुवर्षं फक्त हेस्टरबाई असत, तिथेही तान्ही मुलं रडू लागली. हेस्टरबाई खूश होत्या.

एका रविवारी लाथमना राहवलं नाही. उपदेश अर्धवट सोडून ते म्हणाले, "जे फक्त सहीसाठी आले असतील, त्यांनी खुशाल घरी जावं. मी सही करीन. शब्द देतो."

 कुणी हललं नाही. एका बाईने तर डोळे मिटून हात जोडले. लाथम वाट बघत राहिले. एकानेही दाराची वाट धरली असती, तर त्यांनी त्याला मिठी मारली असती.

बाहेर पडताना व्हिटलनी त्यांचा हात गच्च दाबला. त्यांच्या मोठ्या मुलीचा प्रवेश नक्कीच होता, आता ते धाकटीसाठी यायचे. "काय परीक्षा घेतलीत, साहेब! आम्ही मात्र बसल्या जागचे हललो नाही."

एप्रिलमध्ये मेसीला गावाच्या दुसऱ्या टोकाची शाळा मिळाली. लाथम बेकरीत जात राहिले, कारण दुसरी बेकरी गावात नव्हती. नॅटली पाव द्यायची, पैसे घ्यायची, बोलायची नाही.

उन्हाळ्यात बिशपसाहेब आले, गर्दी बघून भारावले. जेवणानंतर लाथमनी धीर केला. "साहेब, माझी बदली करा. कुठेही. आठ म्हाताऱ्या असल्या तरी चालेल."

बिशपसाहेब मोठ्याने हसले. "विनय बरा आहे, लाथम! पण अशी भरलेली मंडळी सोडून तुम्हाला जाऊ देईल कोण? निवृत्तीपर्यंत तुम्हाला इथून हलवत नाही. हेस्टरबाई, ऐकलंत ना?"

"ऐकलं," हेस्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी लाथमच्या ताटलीत पुडिंगचा आणखी एक तुकडा वाढला.