चालेश्तरचं कुलूप

माहमुनीर खानम इराणमधल्या शहर-ए-कोर्दमध्ये मुलींच्या शाळेत तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि कुलपांच्या नादी लागल्या. किल्लीशिवाय कुलूप उघडायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा उघडायचं. चाळीसेक कुलपं घरात होती. नवरा म्हणायचा, "चोरसुद्धा एवढी मेहनत घेत नाहीत." त्यांचा नियम एकच होता: दुसऱ्याच्या कुलपाला मालकासमोरच हात लावायचा.

म्हणून जुनी विद्यार्थिनी शकूफे एका खोलीचं कुलूप उघडून मागायला आली तेव्हा त्यांनी आधी तेच विचारलं, "खोली कुणाची?"

"आईची, बाई. तिचा गालिचा आहे आत मागावर, अर्धा विणलेला. दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला, तेव्हापासून ती माझ्याकडे असते. बोलता येत नाही, पण हातानं सारखं गाठी मारल्यासारखं करते. म्हटलं, माग माझ्या घरी आणावा. तर थोरली बहीण, फरंगीस, म्हणते किल्ली हरवली."

"मग आईच्या जागी दोघी मुली समोर हव्यात. फरंगीसला घेऊन ये."

"आम्ही बोलत नाही."

"बोलू नका. नुसत्या उभ्या राहा."

शुक्रवारी आईच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीसमोर, दोघी पायरीच्या दोन टोकांना बसल्या. मोठी फरंगीस आईच्या घराच्या खालच्या मजल्यावरच राहायची. चहा तिनंच आणला, पण शकूफेचा पेला तिच्या हातात न देता पायरीवर ठेवला.

कुलूप पाहून माहमुनीर खानमना आनंद झाला. कुलपांसाठी नावाजलेल्या जवळच्या चालेश्तर गावच्या लोहाराच्या हातचं, मुठीएवढं, पोलादी. बाजूची पट्टी सरकवली की दुसरं भोक दिसायचं. म्हणजे आत दोन कळा. त्यांनी चष्मा चढवला आणि बारीक सळई आत घातली. अर्ध्या तासानं पहिली कळ दबली. दुसऱ्या भोकातून सळई बाहेर काढली तर टोकाला तेल. शिवणयंत्राचं असतं तसं, पातळ आणि स्वच्छ. किल्लीविना पडून असलेल्या कुलपात तेल काळं, चिकट व्हायला हवं होतं.

त्यांनी फरंगीसकडे पाहिलं. फरंगीस पेल्यात पाहत होती.

दुसरी कळ आणखी दहा मिनिटांत दबली असती. बोटांना तसं कळलं होतं. हात शिवशिवत होते. पण त्यांनी सळया पिशवीत भरल्या.

"जमत नाही गं," त्या म्हणाल्या. "किल्लीच हवी. फरंगीस, एकदा नीट शोधतेस का?"

"तुम्हाला जमत नाही?" शकूफे म्हणाली. "मग करवतीनं कापू."

फरंगीस उठली, खाली गेली आणि लगेच किल्ली घेऊन आली. तिनं कुलूप उघडलं.

मागावर गालिचा होता. खालच्या कडेनं वीतभर भाग कसरीनं खाल्ला होता, नुसते दोरे उरले होते. जमिनीवर लोकरीचा भुगा पडला होता.

"हिवाळ्यात पाहिलं मी," फरंगीस म्हणाली. "आईला नेताना तू सांगून गेली होतीस, आठवड्याला खोली उघड म्हणून. त्याआधी सहा महिने मी वर आलेच नव्हते. आईला काय तोंड दाखवणार होते?"

"म्हणून किल्ली हरवली?"

"म्हणून."

शकूफे बराच वेळ कडेवरून बोट फिरवत राहिली. "नेहमीचंच तुझं," ती म्हणाली. मग, "माझ्या जिन्यातून हा माग वर जायचा नाही. आईलाच इथं आणावं लागेल."

"माझ्याकडे?"

"मग काय शेजाऱ्यांकडे? पण औषधं वेळेवर द्यायची. रोज फोन करीन मी."

फरंगीसनं मान हलवली. खाल्लेला भाग उसवून पुन्हा कोण विणणार यावरून दोघींची तिथंच जुंपली. दोन वर्षांत प्रथमच त्या एकमेकींशी सरळ भांडत होत्या.

माहमुनीर खानमनी पिशवी उचलली. दारापाशी जरा घुटमळल्या.

"हे कुलूप आठवडाभर नेऊ का मी?"

"न्या हो बाई," फरंगीस म्हणाली. "किल्लीसकट."

"किल्ली नको," त्या म्हणाल्या.