घोडीची गोळी

कांताबाईंचा तर्री-पोह्यांचा ठेला नागपूरच्या महाल भागातल्या कोपऱ्यावर पुन्हा लागला, तेव्हा अर्ध्या गल्लीनं उभ्याउभ्या दोन-दोन प्लेटा हाणल्या. त्याआधी बाईंच्या अंगातून अशा वाफा निघत, की शेगडीपुढे उभं राहवत नसे. नागपुरात हे सांगायची सोय नाही, जो तो म्हणतो, "मले बी गरम होऊन राहिलं." शेवटी डॉक्टरीणबाईंनी पाळी गेल्यानंतरच्या त्रासाची गोळी दिली. कांताबाई रात्री झोपू लागल्या, दिवसा हसू लागल्या, नवऱ्याशी भांडायचं तर विसरूनच गेल्या.

एका दुपारी सुनेनं, प्रीतीनं, मोबाइलवर वाचून सांगितलं, "आई, ही गोळी गाभण घोडीच्या मुतापासून बनते."

कांताबाईंनी हातातली गोळी खाली ठेवली.

"आता काहून थांबली वं?" नवरा, लहानू, म्हणाला. "पूजेत पंचगव्य चालते तुले. घोडीनं तुझं काय घोडं मारलं?"

"मुताचं नाई म्हणत मी. प्रीती, ती घोडी राहते कशी, ते वाच."

प्रीतीनं वाचलं. महिनोन्महिने अरुंद गाळ्यात उभी, मूत गोळा करायला मागे पिशवी बांधलेली, फिरणं जवळजवळ नाहीच.

कांताबाईंचा बाप नागपूरजवळ कन्हानला टांगा हाकायचा. घोडी पोटुशी झाली, की काही महिने टांगा बंद. बाप खाणीवर रोजीनं जाई आणि संध्याकाळी तिला नदीकाठी मोकळी फिरवून आणी. "दोन जिवांची हाये, पाय मोकळे पाहिजेत," एवढंच म्हणे. त्या दिवसांत घरची भाजी पातळ असे, घोडीचा चारा मात्र कमी होत नसे.

 लहानू हळूच म्हणाला, "पण ठेला?"

गोळी सोडली तर वाफा परत, ठेला बंद, आणि हसणारी बायकोही गेली. हे कांताबाईंनाही कळत होतं. म्हणून गोळी न सोडता त्या आधी दवाखान्यात गेल्या.

"बाई, घोडीबिगर बनते का कोणती?"

"बनते की, वनस्पतींपासून. तुम्ही विचारलंच नाही."

"मले काय मालूम, गोळीच्या मांगं घोडी उभी हाये म्हणून!"

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. नवी गोळी लिहिली, अंगाला जमेपर्यंत थोडा त्रास होईल म्हणाल्या. मग पेन थांबवून विचारलं, "आणि दुसरी नसतीच तर?"

कांताबाई म्हणाल्या, "तर हीच घेतली असती. त्या घोडीचे पाय धरून घेतली असती. पण हाये ना दुसरी!"

त्रास झालाच. वाफा आल्या, आणि शेगडीपुढे लहानू उभा राहिला. त्याच्या तर्रीनं गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत पाणी आणलं, तरी पोरं येत राहिली, "काकू, काकांले आवरा," म्हणत. वाफा मात्र हळूहळू विरळ झाल्या. एका सकाळी ऐन गर्दीत लहानूनं गमछ्यानं तोंड पुसलं.

"कांता, लय गरम होऊन राहिलं वं मले."

कांताबाईंनी आपल्या कपाळाला हात लावून पाहिला. कोरडं होतं.

"व्हा बाजूले," त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातातून पळी घेतली. "वय झालं आता तुमचं."

रांगेतली पोरं हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं लहानू हसला.