उपाशी पोटाचं शिसं

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर राजेश्वरींनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रक्तात शिसं आहे. अठ्ठेचाळीस. खरं तर लहान मुलाच्या रक्तात ते अजिबात असू नये."

सारजाच्या मांडीवर सात वर्षांची राजनंदिनी पेंगत होती. चार महिने पोरीचं पोट दुखत होतं, तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि पाठ झालेले पाढे ती विसरत चालली होती. गुरुजी म्हणाले, लक्ष नाही. सासू म्हणाली, दृष्ट लागली. शिसं कुठून आलं हे मात्र सारजाला कुणी सांगायला नको होतं. निरवांगीत तिच्या घरामागच्या माळावर विजयसिंह आबांची शेड होती. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. तिचा नवरा नागेश तिथंच कामाला. संध्याकाळी धुळीनं माखलेल्या त्याच कपड्यांनी तो घरी यायचा आणि पोरगी पळत जाऊन त्याला बिलगायची.

"सकाळी काय खाते ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोरा च्या. मग शाळंतली खिचडी मिळंस्तवर कायच न्हाय."

"घरात दूध?"

"गाई हायत दोन. दूध समदं डेअरीला जातं."

डॉक्टर रागावल्या नाहीत, हेच सारजाला जास्त लागलं. "पोट रिकामं असलं की शिसं जास्त भिनतं. हिच्या अंगात लोह कमी, कॅल्शियमही कमी. ते मिळालं नाही की आतडं समोर येईल ते शिसं उचलतं. सकाळी भाकरी द्या, दूध द्या, पालेभाजीवर लिंबू पिळून द्या. पण नुसत्या खाण्यानं भागणार नाही. तुम्ही सांगितली त्या शेडची धूळ घरात येणं थांबलं पाहिजे."

एसटीत सारजा खिडकीबाहेर बघत बसली. रोज पहाटे आपल्याच हातानं कॅन भरून दिला आणि पोरीपुढं कोरा चहा सरकवला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं तिला वाटत होतं.

त्या संध्याकाळी तिनं नागेशला उंबऱ्याबाहेरच अडवलं. "कापडं हितंच काढा. आंघूळ केल्याबिगर पोरीला हात लावायचा न्हाय. आन उद्यापास्नं लिटरभर दूध घरात ऱ्हाईल."

नागेशनं तिथंच शर्ट काढला.

डॉक्टर काय म्हणाल्या ते सारजानं शेजारच्या साखरबाईला सांगितलं. आणखी तीन पोरांची रक्तं तपासली, तिघांतही शिसं निघालं. मग आठ दिवसांनी आबांनी गावातल्या आयांना देवळाच्या मंडपात बोलावलं. केळ्यांचे क्रेट आणि राजगिऱ्याचे लाडू मांडले होते.

"डॉक्टरीनबाईच म्हणल्यात," आबा शांतपणे सांगत होते, "पोरं उपाशी ऱ्हात्यात म्हणून शिसं भिनतं. आयांनी जरा ध्यान द्यावं. शेडला नावं ठिवून काय उपेग?"

बायांनी माना खाली घातल्या. सारजाची कानशिलं तापली. तिनंच सांगितलेलं वाक्य अर्धं तोडून या माणसानं तिच्याच गळ्यात बांधलं होतं. ती उठली.

"आबा, माझं चुकलं. पोरीला कोरा च्या दिला, त्ये मी कबूल करती. ती उपाशी व्हती म्हणून शिसं जास्त भिनलं. पण माझ्या दारात त्ये आणलं कुणी?"

"सारजे, नागेश आपल्याकडंच कामाला हाय, एवढं ध्यानात ठेव."

"हाय ध्यानात. एक सांगा. भट्टी पेटली त्याच साली तुमी सून-नात बारामतीला ऱ्हायला धाडली. सुट्टीतबी नातीला हितं आणत न्हाय. ती तर रोज दूध पिऊन, अंडी खाऊन असंल. मग तिच्यासाठनं कशाला भ्याचं?"

आबांनी फेट्याचा शेमला सारखा केला. साखरबाईनं हातातला लाडू परत ताटात ठेवला. मागं खांबाला टेकून उभा असलेला नागेश म्हणाला, "उद्यापास्नं मी येत न्हाय, आबा."

सारजानं मात्र जाताना क्रेटमधली चार केळी उचलली. पोरीला लागत होती.

डॉक्टरांचं पत्र जोडून चौदा बायांनी प्रदूषण मंडळाकडं तक्रार केली. दोन महिन्यांनी तिथले साहेब आले, तपासायला माती भरून नेली आणि शेडला सील लागलं. नागेश आता निमगावच्या बाजूला डाळिंबाच्या बागेत कामाला जातो.

सहा महिन्यांनी आकडा एकतीसवर आला. डॉक्टर हसून म्हणाल्या, "खाणं सोडू नका, उतरतंय."

"आन पाढं?" सारजानं विचारलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. "काही येतील. सगळे येतील असं मी सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर नागेश म्हणाला, "उतरलं की गं, आता तरी राग सोड."

"न्हाय सोडत," सारजा म्हणाली. पोरीचा हात धरून ती स्टँडकडं चालू लागली. माळावरची शिशाच्या राखेनं काळी पडलेली माती अजून तिथंच पडून होती आणि ती उचलायचा अर्ज तिच्या पिशवीत होता.